ईएफ ६० टक्के, पण हृदय ताठरतंय: शुगर, पोट, बीपी आणि टूडी इकोच्या बाकीच्या ओळी

खाडीकाठ

टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण एकच आकडा शोधतात, ईएफ. तो ६० टक्के दिसला की सुटकेचा निःश्वास आणि फाइल कपाटात. मी ठाण्यात इको करण्याचं काम करते. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. पण रोज स्क्रीनवर जे दिसतं त्यावरून हा धागा काढावासा वाटला, कारण ईएफच्या वर-खाली छापलेल्या ओळी कोणी वाचतच नाही आणि खरी बातमी पुष्कळदा त्या ओळींत असते.

ईएफ म्हणजे डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर गेलं. हे गुणोत्तर आहे. कप्प्यात १२० मिली भरलं आणि ७२ मिली बाहेर गेलं तर ईएफ ६०. भिंती जाड होऊन कप्पा आतून लहान झाला, ८० मिलीच भरलं आणि ४८ मिली बाहेर गेलं, तरी ईएफ ६०च. मिनिटाला ७५ ठोके धरले तर पहिल्या हृदयातून ५.४ लिटर रक्त जातं आणि दुसऱ्यातून ३.६. रिपोर्टमधला टक्का मात्र दोघांचा सारखा.

ज्यांना बरीच वर्षं डायबेटिस आहे, पोट सुटलेलं आहे, बीपी १४०च्या आसपास रेंगाळतंय आणि सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड १' आलंय, अशांच्या इकोत मला तीन गोष्टी वारंवार दिसतात. भिंतीची जाडी वाढलेली (साधारण बायकांत ९ आणि पुरुषांत १० मिलिमीटरपर्यंत ठीक धरतात). डावा वरचा कप्पा, म्हणजे लेफ्ट एट्रियम, मोठा झालेला. आणि स्नायू सैल पडण्याचा वेग, रिपोर्टमधला ई-प्राइम, कमी झालेला. यांतल्या अनेकांना तोवर कसलाही त्रास नसतो. ब्लॉकेजही नसतात.

हृदयविकार म्हटलं की आपल्याकडे नळी तुंबणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. चयापचय बिघडला की नळ्यांच्या बरोबरीनं खुद्द स्नायूची घडण बदलते, आणि हे हार्ट अटॅक न येताही होतं. १९७२ साली रुब्लर आणि सहकाऱ्यांनी हार्ट फेल्युअरनं (हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू न शकल्यानं) गेलेल्या चार मधुमेही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी नळ्यांत या फेल्युअरचं कारण सापडलं नव्हतं. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासातून आकडे आले: मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण दुपटीहून जास्त, मधुमेही स्त्रियांत पाचपट. बायकांचा हा आकडा आजही आपल्या घरांत पोचलेला नाही याचं मला फार वाईट वाटतं. आईला दम लागतो तर 'वजन आहे, वय आहे' म्हणून विषय संपतो.

आपापले अनुभव आणि प्रश्न लिहा. रिपोर्टचे फोटो टाकू नका, आकडे लिहिलेत तरी पुरे.

---

उपवन_फेरी

वाचनखूण साठवली. ईएफचं १२०–८० चं उदाहरण आमच्या सकाळच्या ग्रुपवर पाठवतो.

---

नौपाडा६५

ताई, माझं वय ६८. गेल्या महिन्यात इको झाला. 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन, ईएफ ६०%, नो आरडब्ल्यूएमए'. शुगर नाही, बीपी गोळीवर १२६/७८. तलावपाळीला रोज चार फेऱ्या मारतो, दम लागत नाही. तुमचा लेख वाचून झोप उडाली. हे हार्ट फेल्युअर आहे का?

---

पारसिक

काका, मी कळव्याला फिजिशियन आहे. शांत झोपा. आरडब्ल्यूएमए नाही म्हणजे भिंतीचा कुठलाच भाग हालचालीत कमी पडत नाही. डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणजे हृदय सैल पडण्यात कमी पडतंय. साठीनंतर ग्रेड वन ही ओळ इतक्या लोकांच्या रिपोर्टमध्ये येते की नुसत्या त्या ओळीवरून काहीच ठरवता येत नाही. वयाप्रमाणे हृदय सैल पडण्याचा वेग थोडा मंदावतोच. डॉक्टर चार गोष्टी एकत्र पाहतात: ई-प्राइम, ई (कप्प्यात शिरणाऱ्या रक्ताचा वेग) आणि ई-प्राइमचं गुणोत्तर (१४च्या वर गेलं तर आतला दाब वाढल्याची शंका), डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान (शरीराच्या क्षेत्रफळाच्या हिशेबात ३४ मिलीपर्यंत ठीक), आणि उजव्या बाजूच्या झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग. वरचा कप्पा मोठा नसेल, भिंती जाड नसतील आणि फेऱ्या मारताना धाप लागत नसेल तर बीपी असंच सांभाळा. तेवढं पुरे.

हीच ओळ ४२ वर्षांच्या, पोट सुटलेल्या, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८ असलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये आली तर मी वेगळ्या नजरेनं पाहीन. तिथे वयाचा आधार घेता येत नाही.

---

तर्कट

आधी कोलेस्टेरॉलची भीती, आता ताठर हृदयाची. प्रत्येक शुगरवाल्यानं इको करायचा म्हटलं तर नवी मुंबईतली निम्मी सेंटरं या एका धाग्यावर चालतील. ज्याला त्रास नाही त्याला टेस्टच्या मागे लावणं मला पटत नाही.

---

खाडीकाठ

तर्कट, सरसकट इको करा असं मीही म्हणणार नाही. त्रास नसलेल्या माणसाला इकोच्या आधी मोजपट्टी आणि बीपीचं मशीन हवं, आणि या दोन गोष्टींचा खर्च जवळजवळ नाही. माझा आग्रह इतकाच आहे: ज्यांचा इको काही कारणानं झालेलाच आहे त्यांनी तो पूर्ण वाचून घ्यावा, आणि ज्यांना जिना चढताना नव्यानं दम लागतोय त्यांना ईएफचा आकडा दाखवून घरी पाठवू नये.

---

वाशी_ते_ठाणे

मी ३४ वर्षांचा, ऐरोलीला आयटीत. बीएमआय २२.५, शर्टाचा साइज कॉलेजपासून तोच. कंपनीच्या चेकअपमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, एचबीएवनसी ५.९. एचआर म्हणाली 'तू तर बारीक आहेस, लॅबची चूक असेल'. मी या धाग्यात बसतो का?

---

पारसिक

बसता, आणि नीट बसता. तुमच्यासारख्या शरीराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुण्याचं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत बसवत होता. आपल्याकडे स्नायू कमी आणि पोटातली चरबी जास्त ही ठेवण सर्रास आढळते, म्हणून कंबरेची मर्यादाही आपल्यासाठी वेगळी आहे: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

मेटाबॉलिक सिंड्रोमसाठी, म्हणजे चयापचय बिघडल्याच्या एकत्र खुणांसाठी, पाच गोष्टी बघतात. कंबर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी शुगर १०० किंवा जास्त. पाचांपैकी तीन जमल्या की झालं. तुमच्या दोन आत्ताच जमल्यात. कंबर आणि उपाशीपोटी शुगर मोजून इथे लिहा. कंबर पँटच्या पट्ट्यावर मोजू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा आणि श्वास सहज सोडल्यावर आकडा बघा.

---

वाशी_ते_ठाणे

कंबर ९३. उपाशीपोटी शुगर १०४. म्हणजे चार झाल्या.

पण डॉक्टर, रक्तातल्या शुगरचा आणि हृदयाच्या भिंतीचा संबंध नेमका जोडला कसा जातो? नळीत चरबी साचते हे समजतं. स्नायू ताठ का व्हावा?

---

पारसिक

रात्रीची ओपीडी संपली, आता सविस्तर लिहितो. या धाग्याचा गाभा हाच आहे.

हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडतं आणि त्यासाठी लागणारं एटीपी (पेशी वापरते ते ऊर्जेचं रसायन) त्याला साठवून ठेवता येत नाही, ते क्षणोक्षणी बनवावं लागतं. निरोगी हृदय मिळेल ते इंधन वापरतं. निम्म्याहून बरीच जास्त ऊर्जा फॅटी ॲसिडमधून येते, बाकी ग्लुकोज, लॅक्टेट, कीटोन (चरबीपासून बनणारं इंधन) यांतून. जेवल्यावर इन्सुलिन वाढलं की ग्लुकोजकडे वळायचं, उपाशी असताना चरबीकडे, ही लवचिकता त्याला उपजत असते.

इन्सुलिनला दाद मिळेनाशी झाली की ही लवचिकता जाते. रक्तात फॅटी ॲसिड भरपूर, ग्लुकोज पेशीत नीट शिरत नाही, म्हणून हृदय चरबीवरच अडून बसतं. चरबी जाळायला तेवढ्याच एटीपीसाठी ऑक्सिजन जास्त लागतो. वर, जळते त्याहून जास्त चरबी पेशीत शिरते आणि तिचे घातक तुकडे आतच साचून मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांना, इजा करतात. हृदयाभोवती चिकटून बसलेली चरबीही स्वस्थ नसते, तिच्यातून सूज वाढवणारी द्रव्यं थेट शेजारच्या स्नायूत झिरपतात.

आता महत्त्वाचं. हृदयाचं आकुंचन म्हणजे मेहनत आणि सैल पडणं म्हणजे विश्रांती, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सैल पडायलाही ऊर्जा लागते. आकुंचनासाठी पेशीत सोडलेलं कॅल्शियम परत कोठारात ओढून घ्यावं लागतं आणि तो पंप एटीपीवर चालतो. ऊर्जेची ओढाताण सुरू झाली की सैल पडणं पहिल्यांदा मंदावतं. आकुंचन तेव्हा उत्तम चालू असतं, म्हणून ईएफ ठीक दिसतो.

दुसरीकडे वाढलेली शुगर स्नायूला आधार देणाऱ्या कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटून त्यांच्यात कायमचे आडवे बंध घालते. स्नायूच्या मधल्या जागेत तंतू वाढतात. बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. जास्तीचं इन्सुलिन किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं, त्यानं बीपी चढतं, आणि चढलेल्या बीपीविरुद्ध ढकलून ढकलून भिंत जाड होते. वजन जास्त असेल तर शरीरात रक्तही जास्त, म्हणजे प्रत्येक ठोक्याला काम जास्त. हे सगळे रस्ते एकाच ठिकाणी येऊन मिळतात: जाड, ताठ, नीट न भरणारा कप्पा. तो भरून घ्यायला वरच्या कप्प्याला जोर लावावा लागतो, तो ताणून मोठा होतो, आणि मोठ्या झालेल्या वरच्या कप्प्यातच एट्रियल फिब्रिलेशन (ठोक्यांची लय बिघडणं) सुरू होण्याची आणि त्यातून पक्षाघाताची भीती वाढते. दाब आणखी मागे फुफ्फुसात गेला की दम लागतो. ईएफ ५० किंवा जास्त असूनही झालेलं हे हार्ट फेल्युअर जगभर वाढतंय, आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त आहे.

---

घोडबंदर_डायरी

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचताना डोळ्यांत पाणी आलं. आई ६१ वर्षांची, शुगर १४ वर्षांपासून, वजन ७८ किलो. घरात सपाटीवर चालते, स्वयंपाक करते, काही होत नाही. पण ठाणे स्टेशनचा पूल चढताना मध्ये दोनदा थांबते. रात्री दोन उश्या घेते. एका हॉस्पिटलात दाखवलं, ईसीजी आणि इको केला, 'ईएफ ६२, हार्ट एकदम फिट, ॲसिडिटी असेल' म्हणून गोळ्या दिल्या. आज रिपोर्ट परत काढला. भिंत १२ मिमी, लेफ्ट एट्रियम शरीराच्या क्षेत्रफळाच्या हिशेबात ४१ मिली, ई बाय ई-प्राइम १३. हे कुणी वाचूनच दाखवलं नाही. झोपवून केलेल्या तपासणीत सगळं बरं आणि पुलावर दम, हे कसं?

---

खाडीकाठ

ताई, दोन उश्या आणि पूल हे दोन्ही डॉक्टरांना अगदी याच शब्दांत सांगा.

पुलाचं कारण असं. गर्दीच्या वेळी ठाण्याला लोकल जितकी थांबते तेवढ्यातच माणसं चढणार. थांबा कमी केला आणि दारं अर्धीच उघडली तर आत येणारे कमी होतील, पुढच्या स्टेशनात सगळे उतरले तरी. नाडी ७० असताना हृदयाला भरायला भरपूर वेळ मिळतो. पूल चढताना नाडी १२० झाली की कापला जातो तो मुख्यतः भरण्याचा वेळ. लवचीक हृदय तेवढ्यातही पटकन भरतं. ताठ हृदय भरत नाही, आतला दाब वाढतो आणि दम लागतो. कॉटवर डाव्या कुशीवर झोपवून मी प्रोब लावते तेव्हा यातलं काहीच घडत नसतं. शंका असेल तर डॉक्टर सायकल चालवायला लावून किंवा चालवून लगेच इको बघायला सांगतात. सगळीकडे होत नाही, मोठ्या सेंटरला विचारावं लागतं.

---

पारसिक

खाडीकाठ यांच्याशी सहमत. ४१ मिली आणि १२ मिमी हे दोन्ही वाढलेलेच आहेत, आणि १३ म्हणजे काठावर. एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणीही करतील. एक लक्षात ठेवा: वजन जास्त असलेल्यांत तिचा आकडा मुळातच कमी येतो. कमी आला म्हणून प्रश्न संपला असं समजू नका. आई घोरते का तेही बघा. झोपेत श्वास अडकत असेल तर रात्रभर बीपी वर जातं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही पाहून घ्या, दम त्यांच्यामुळेही लागतो. चालढकल नको, याच आठवड्यात दाखवा.

---

तर्कट

हे उदाहरण वाचून माझा आक्षेप बराच बाजूला ठेवतो. एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. शुगर गोळीनं खाली आणली की हृदय सुधारतं ना? मग वेगळं काय करायचं?

---

पारसिक

तितकं सरळ नाही. शुगर कमी करणारी प्रत्येक गोळी हृदयाला सारखीच मानवते असं नाही. पायोग्लिटाझोननं शरीरात पाणी धरतं, हार्ट फेल्युअर असलेल्यांना ती टाळतात. सॅक्साग्लिप्टिनच्या २०१३ च्या मोठ्या चाचणीत हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. उलट २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत हेच प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं. शुगरमधला फरक त्या मानानं लहानच होता. पुढे २०२१ मध्ये ईएफ ४० च्या वर असलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर तीच गोळी तपासली, त्यांतल्या साधारण निम्म्यांना डायबेटिस नव्हताच, तरी फायदा झाला. २०२२ मध्ये डापाग्लिफ्लोझिननंही तेच दाखवलं. लठ्ठपणा आणि ताठर हृदय असलेल्यांत सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधानं वजनाबरोबर दम लागणं कमी झालं आणि चालण्याचं अंतर वाढलं, ही चाचणी २०२३ ची. आपल्याकडे डापाग्लिफ्लोझिन २०२० पासून आणि एम्पाग्लिफ्लोझिन २०२५ पासून अनेक कंपन्यांची निघते, किंमत खूप उतरली आहे. ज्यांना परवडत नव्हती त्यांनी डॉक्टरांना पुन्हा विचारावं.

चालू गोळी हा धागा वाचून कोणीही बंद करू नये, ही हात जोडून विनंती.

---

उपवन_फेरी

औषधांच्या आधीच्या टप्प्यावर असलेल्यांसाठी लिहितो. टेक्सासमध्ये डॉ. लेव्हिन यांच्या गटानं ४५ ते ६४ वयाच्या, बैठं काम करणाऱ्या पण निरोगी लोकांना दोन वर्षं व्यायाम करायला लावला. आठवड्यातून चार-पाच दिवस, आणि त्यात ४ मिनिटं चांगली धाप लागेल असं आणि ३ मिनिटं हळू, अशा फेऱ्यांचा एखादा दिवस. २०१८ साली निष्कर्ष आले: डाव्या कप्प्याचा ताठरपणा मोजण्याइतका कमी झाला आणि दम टिकण्याची क्षमता १८ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटाला योगासनं, तोल आणि हलके स्नायूंचे व्यायाम दिले होते, त्यांच्या हृदयात तसा फरक पडला नाही. लेव्हिन यांच्याच आधीच्या एका अभ्यासात पासष्टीनंतर व्यायाम सुरू करणाऱ्यांची दम टिकण्याची क्षमता वाढली, ताठरपणा मात्र वर्षभरात हलला नाही. म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या मित्रांना मी येऊरच्या चढावर ओढून नेतो. उपवन तलावाला गप्पा मारत फेरी झाली की चहा-वडा, असं करणाऱ्यांनी निदान आठवड्यातून एक दिवस तो चढ घ्यावा. शुगर-बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

---

पोळीभाजी

स्वयंपाकघराबद्दल कुणीच लिहीना म्हणून मी. वाशी_ते_ठाणे, ट्रायग्लिसराइड २४० असेल तर तळणाआधी गोड आणि मैदा बघा: दिवसाचे तीन-चार साखरेचे चहा, संध्याकाळची बिस्किटं, रात्री ऑर्डर केलेलं. दारू असेल तर तीही. आमच्या घरी मी ताटाचा क्रम बदलला. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि वाटीभरच. मटकी, चवळी, कुळीथ आलटून पालटून. पापड-लोणचं रोजच्या ताटातून काढून सणापुरतं ठेवलं, कारण बीपी. यजमानांची कंबर ९८ वरून ९१ वर आली आणि ट्रायग्लिसराइड निम्मं झालं. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी, बटाटा आणि वर रताळ्याचा कीस, यानं शुगर साध्या दिवसापेक्षा जास्त चढते. वरी, राजगिरा, दही, दाणे, काकडी असं केलं तर बरं पडतं.

---

घोडबंदर_डायरी

आईला दुसऱ्या डॉक्टरांकडे दाखवलं. चालवून इको केला, दाब वाढलेला दिसला. निदान हार्ट फेल्युअर, ईएफ व्यवस्थित असलेलं. डापाग्लिफ्लोझिन १० सुरू केलं, पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी थोडे दिवस, बीपीची गोळी बदलली. पायाची सूज उतरली आहे. झोपेची तपासणी पुढच्या आठवड्यात. पोळीभाजी यांचा प्रतिसाद वाचून विचारते: आई आषाढीला निर्जळी एकादशी करते, गेली कित्येक वर्षं. या गोळीवर चालेल का?

---

पारसिक

निदान झालं हे फार बरं झालं. निर्जळी नको. या गोळीमुळे लघवीतून साखर आणि पाणी जास्त जातं. त्यात पाणीही बंद केलं तर शरीर कोरडं पडतं, बीपी घसरतं, आणि पोटात काही नसेल तर रक्तात कीटोन वाढून गंभीर त्रास होऊ शकतो, तोही कधीकधी शुगर फारशी न वाढता. फराळ करून, पाणी पिऊन एकादशी करता येईल, पण गोळी त्या दिवशी घ्यायची की थांबवायची हे त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. जुलाब-उलट्या झाल्या किंवा ऑपरेशन ठरलं तर तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. खाजगी जागी खाज, जळजळ झाली तर आई लाजून सांगणार नाहीत, तुम्ही विचारा. वजन रोज सकाळी एकाच वेळी करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं तर तपासणीची तारीख यायची वाट न बघता फोन करा.

---

घोडबंदर_डायरी

विचारून घेते. वही आजच आणली.

---

वाशी_ते_ठाणे

मी काल येऊरला गेलो होतो, उपवन_फेरी यांच्या ग्रुपबरोबर. अर्ध्या चढावर थांबावं लागलं. पुढच्या रविवारी परत जाणार आहे. रक्त तीन महिन्यांनी तपासून आकडे इथे टाकतो.